फुसका बार

मराठीत 'बार' पुष्कळ आहेत. तंबाखूचा भरतात, बंदुकीचा काढतात, लग्नाचा उडवतात. उरलेला एक हायवेला असतो आणि त्याच्या पाटीवर 'फॅमिली' लिहिलेलं असतं. या घराण्यात अलीकडे नवा जावई आलाय. एनर्जी बार.

जावई म्हणजे अर्थातच खर्चिक.

गेल्या रविवारी सकाळी वसईतल्या नंदाखालला त्याची गाठ पडली. मिस्सा आटोपून माणसं चर्चबाहेर पडत होती, रस्त्याच्या कडेला भाजीच्या पाट्या लागल्या होत्या, आणि त्या गर्दीतून वाट काढत एक पळणारी टोळी येऊन थांबली. डिसेंबरच्या वसई-विरार मॅरेथॉनची तयारी म्हणे. एकेकाचे बूट असे की माझा महिन्याचा किराणा त्यात बसावा.

त्यातला एक पोरगा ओळखीचा निघाला. खिशातून चकचकीत वेष्टण काढून त्याने एक कोपरा मोडला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "काका, सीड बार. खाऊन बघा. पाच प्रकारच्या बिया आहेत."

चावला. तीळ लागले, जवस लागला, भोपळ्याची बी दाढेत अडकली. तिला बाहेर काढायला खर्च झालेली ऊर्जा बारने भरून दिली की नाही, याबद्दल वेष्टणावर काही नव्हतं.

"कशी वाटली चव?"

"संक्रांतीची."

पोरगा हिरमुसला. मग मी विचारलं, किती पळालास? म्हणाला, चार किलोमीटर. आता हिशेब करू. साठ किलोच्या माणसाच्या किलोमीटरमागे साधारण साठ कॅलरी जळतात. चार किलोमीटरच्या झाल्या 240. बारच्या 200. उरलेल्या चाळीस त्याने नाक्यावर दोन चमचे साखरेच्या चहात वसूल केल्या.

पळण्याचं निव्वळ उत्पन्न शून्य. बारचं बिल वेगळं.

वेष्टण मी मागून घेतलं. वाचायची खोड. पुढच्या बाजूला हिरवं शेत, सोनेरी ऊन आणि ओंजळभर बिया. मागच्या बाजूला मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. नियम असा आहे की घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहायचे. पहिलं नाव कुणाचं असावं? सिरपचं. बिया चौथ्या क्रमांकापासून पुढे, वरातीत मागे चालणाऱ्या मामांसारख्या.

फोटोत मात्र मामाच पुढे.

भोपळ्याच्या बियांत शंभर ग्रॅमला तीसेक ग्रॅम प्रथिनं असतात. फार छान. पण बारमध्ये त्या पाच ग्रॅम पडत असतील, तर त्यातून प्रथिनं आली दीड ग्रॅम. एका अंड्यात सहा. म्हणजे भोपळ्याच्या जिवावर एका अंड्याची बरोबरी करायची तर बार खायचे चार.

अंडं स्वतःची जाहिरात करत नाही. कोंबडी थोडी करते.

'खेळाडूंसाठी' हा शब्द वेष्टणावर ठळक होता. खेळाडू म्हणजे कोण, याची व्याख्या त्यावर नव्हती. जिमचा फॉर्म भरलेला चालेल का? बॅडमिंटनची रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवून फिरणारा? क्रिकेटची मॅच बसून बघणारा? दुकानदार कुणाकडे प्रमाणपत्र मागत नाही. तो फक्त 'यूपीआय?' विचारतो.

असल्या मोकाट शब्दांवर सरकारलाही कधी कधी जाग येते. एप्रिल 2024मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन दुकानांना सांगितलं, बोर्नव्हिटासकट अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या रकान्यातून काढा. कारण काय? 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच अन्नसुरक्षा कायद्यात नाही. ज्या नावाचे घोट घेऊन पिढ्या उंच व्हायची वाट बघत बसल्या, ते नाव कायद्याला माहीतच नव्हतं.

पुढच्याच महिन्यात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने आहाराच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असं चक्क लिहिलंय. वाचलं कुणी? जिममध्ये तरी नाही. तिथे शेक ढवळायचं काम चालू होतं.

असो. बार आला कुठून?

ब्रायन मॅक्सवेल नावाचा कॅनडाचा मॅरेथॉनपटू होता. 1983मध्ये लंडनच्या शर्यतीत एकविसाव्या मैलाच्या सुमारास त्याच्या अंगातलं त्राण गेलं. माणसाच्या यकृतात आणि स्नायूंत मिळून साधारण दोन हजार कॅलरींचं ग्लायकोजेन साठतं. तीस-बत्तीस किलोमीटरला ती तिजोरी रिकामी होते. धावपटू तिथे 'भिंत' लागते म्हणतात. मॅक्सवेलने भिंतीवर डोकं आपटून न घेता कॅलिफोर्नियात जेनिफर बिडल्फबरोबर स्वयंपाकघरात प्रयोग सुरू केले आणि 1986मध्ये पॉवरबार बाजारात आणला. थंडीत तो दगडासारखा व्हायचा. तरी खपला. 2000 साली नेस्लेने कंपनी विकत घेतली.

बघा, एक माणूस चौतीस किलोमीटर पळाल्यावर हरला म्हणून बार जन्माला आला. आपण तो लिफ्ट बंद आहे म्हणून खातो.

आता इथे आपली छाती फुगते. 'त्यात काय नवीन? आमच्या आजीला सगळं ठाऊक होतं!' तीळगूळ, राजगिऱ्याचा लाडू, लोणावळ्याची चिक्की, हळिवाचे लाडू. एनर्जी बार आम्हीच शोधला, फक्त वेष्टण गोऱ्याने घातलं. हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी पाच जणांकडून ऐकलं. सहावा मी स्वतः.

मग राजगिऱ्याचं मूळ शोधायला गेलो आणि पस्तावलो.

राजगिरा मूळचा अमेरिका खंडातला. मेक्सिकोत आजही फुलवलेल्या राजगिऱ्याची वडी मध किंवा पाक घालून थापतात. तिचं नाव 'अलेग्रिया', म्हणजे आनंद. दिसायला हुबेहूब आपल्या एकादशीच्या वडीसारखी. तशीच खरखरीत, तशीच शर्टावर सांडणारी.

शेंगदाणाही तिकडचाच. बटाटा तिकडचा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तोही तिकडचा. आपला सगळ्यात सोवळा फराळ समुद्र ओलांडून आलेला आहे, आणि समुद्र ओलांडला म्हणून प्रायश्चित्त मात्र माणसांना घ्यायला लावलं.

तीळ तेवढे आपले. सिंधू संस्कृतीच्या उत्खननात सापडलेले. तर तिळाकडेच वळू.

तिळात कॅल्शियम असतं, शंभर ग्रॅमला हजार मिलिग्रॅमच्या आसपास. दुधापेक्षा कितीतरी जास्त. प्रत्येक संक्रांतीला हा आकडा फिरतो. पण तो आकडा अख्ख्या, सालीसकट तिळाचा. कॅल्शियम बहुतेक सालीत. आणि लाडवाला आपण तीळ कुठले आणतो? पॉलिशचे, पांढरेशुभ्र.

बरं, सालीसकट खाल्ले तर? सालीतलं कॅल्शियम ऑक्झलेटच्या विळख्यात असतं, त्यातलं थोडंच अंगी लागतं. म्हणजे साल काढली तर कॅल्शियम जातं, ठेवली तर सुटत नाही. अगदी वडिलोपार्जित जमिनीसारखं.

जवसाचं उलट. त्याचं कवच इतकं टणक की अख्खा गिळला तर पुष्कळदा जसा आत गेला तसाच बाहेर येतो. प्रवास होतो, कामकाज होत नाही. काही आमदारांची मुदत अशीच संपते. जवस दळून किंवा कुटूनच खायला हवा. हे आपल्या आज्यांना माहीत होतं, त्यांनी त्याची चटणी केली. बारवाल्यांना अख्खा जवस दिसायला हवा असतो. फोटोत पूड काय दिसणार?

हळीव म्हणजे लोहाचा खजिना. बाळंतिणीला लाडू देतात ते उगाच नाही. पण वनस्पतींतलं लोह लाजरं. लिंबू-आवळ्याचा हात धरून येतं, चहा दिसला की मागे फिरतं. आणि आपण हळिवाचा लाडू कशाबरोबर खातो?

बरोबर. चहाबरोबर.

चिया हे पाचवं पात्र. मेक्सिकोतून आलं, आता मैसूरकडेही पिकतं. पाण्यात टाकलं की फुगतं आणि भोवती गिळगिळीत पापुद्रा धरतं. हे आपण कुठे पाहिलंय? फालुद्यात. सब्जाही तेच करतो. वनस्पती वेगळी, पण खोड तीच. फालुद्यातला सब्जा चैन, बाटलीतला चिया व्यायाम.

खसखस घातलेला बारही एका ठिकाणी पाहिला. पौष्टिक, शंका नाही. पण खसखस येते अफूच्याच बोंडातून. दाण्यावर मॉर्फीनचा अंश चिकटलेला असू शकतो आणि तो लघवीच्या तपासणीत उमटू शकतो. स्पर्धेच्या काळात मॉर्फीन निषिद्ध. म्हणजे खेळाडूसाठी खास बनवलेला बार खाऊन खेळाडूच उत्तेजकं तपासणाऱ्या 'नाडा'च्या नोटिशीला उत्तर देत बसायचा.

बाकी आपण खाल्लं तर काही नाही. आपली तपासणी कोण करतंय?

खसखशीवरून कोल्हापूर आठवतं. शाहू महाराजांनी बांधलेलं खासबाग मैदान 1912पासून आहे. तिथल्या तालमीतली थंडाई म्हणजे बियांचाच खुराक: बदाम, मगजबी, खसखस, बडीशेप, मिरी, कुंडीत लाकडी दांड्याने तास-तास घोटलेली. घोटायचं काम पोरांकडे. दांडा फिरवून मनगट तयार व्हायचं, ते वेगळंच. त्या पेयाची खुबी अशी की पिण्याआधीच व्यायाम व्हायचा.

पैलवान मात्र ती मेहनत झाल्यावर प्यायचा. लढत चालू असताना नाही. हा बारकावा आपण विसरलो आणि इथेच खरी गोम आहे.

बियांत तेल जास्त, तंतू जास्त. दोन्ही पोटात रेंगाळतात. एरवी हा गुण. पोट भरलेलं राहतं, साखर हळू चढते. पण पळताना स्नायूंना हवी असते चटकन मिळणारी साखर. तास-दीड तासापेक्षा लांब शर्यत असेल तर क्रीडा-आहाराचे जाणकार ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं घ्यायला सांगतात. बियांची नव्हे, पिष्टाची आणि साखरेची. रक्त तेव्हा पायांकडे धावत असतं, पोटाच्या वाट्याला थोडंच. त्या पोटात पाच प्रकारच्या बिया ढकलल्या की काय होतं, ते पाणपोईच्या पुढच्या फिरत्या शौचालयासमोरची रांग सांगते.

तिथे मात्र सगळे वेगाने धावतात.

म्हणजे बियांचा बार वाईट का? मुळीच नाही. सरावानंतर खा, दोन जेवणांच्या मध्ये खा. फक्त तो पळता पळता खाऊ नका. आणि 'खेळाडूंसाठी' असं त्यावर लिहिलंय म्हणून पळायच्या आधी घाईघाईने तर नकोच नको. पण एवढं सगळं वेष्टणावर छापलं तर घेणार कोण?

'आम्ही बियांपासून पौष्टिक बार विकसित केला' अशा प्रकल्पांचंही हल्ली पीक आलंय. परवा एक अहवाल चाळायला मिळाला. चार नमुने, त्यांत तिळाचं प्रमाण कमी-जास्त, आणि चव ठरवायला नऊ गुणांची पट्टी. ही पट्टी मुळात अमेरिकी लष्कराने जवानांच्या जेवणासाठी काढलेली. इथे चव घेणाऱ्या कोण? वर्गमैत्रिणी. त्या नऊपैकी आठ देतात. एक गुण कापतात तो शास्त्रासाठी.

खेळाडूंसाठीच्या त्या बारची चव बघायला एकही खेळाडू नव्हता. तो बहुधा पळत असावा.

मग म्हटलं, टीका करणं सोपं, एकदा करून तर पाहू. गेल्या जुलैत स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तीळ तडतडेपर्यंत भाजले, जवस भाजून भरड काढला, राजगिऱ्याच्या लाह्या, मूठभर फुटाण्याची डाळ. डाळ का? तिळातल्या प्रथिनांत लायसिन कमी, डाळीत भरपूर. डाळीत मेथिओनिन कमी, तिळात चांगलं. दोघं एकमेकांची उणीव झाकतात. लग्नं जमवताना जे बघत नाहीत, ते चिक्की जमवताना आपोआप झालंय.

पाकाशी गाडी अडली. थेंब पाण्यात टाकून तो टणकन वाजला तर चिक्की. मऊ गोळी झाली तर लाडू. बारला हवं यांच्या अधलंमधलं. चावता आला पाहिजे आणि खिशात मोडता कामा नये. तीनदा केला. पहिला दात पाडणारा, दुसरा ओघळणारा. तिसरा जमला तेव्हा बायको म्हणाली, "ही तर वडी झाली." मी म्हणालो, "बार." ती म्हणाली, "बरं, बार. ताट घासून ठेवा."

पण शोध पुढेच लागला. गूळ हवेतलं पाणी ओढतो. वसईच्या जुलैत हवेत पाण्याशिवाय असतंच काय? तिसऱ्या दिवशी बार आणि बटर पेपर यांचा असा संसार जुळला की कुणाला कुणापासून सोडवू कळेना. चौथ्या आठवड्यात डबा उघडला तर वास. खवट.

आधी कोण खवटलं? जवस. त्यातल्या ज्या ओमेगा-3च्या कौतुकापायी तो घेतला, तेच तेल हवा लागली की सगळ्यात आधी बिघडतं. भरडलेला असेल तर आणखीच लवकर. म्हणजे अख्खा घातला तर पचत नाही, भरडला तर टिकत नाही. गुणी माणसाला कुठल्याच ऑफिसात टिकू देत नाहीत, तसंच हे.

तेव्हा विकसित करायचंच असेल तर हे करा ना. चव आपल्या घराघरांत शेकडो वर्षं तयार आहे, तिला नवीन नाव द्यायला प्रयोगशाळा लागत नाही. ओल कशी थोपवायची, तेल खवटायचं कसं लांबवायचं, आवरण कुठलं, किती दिवस टिकेल, हे प्रश्न आहेत. मैसूरची संरक्षण खात्याची अन्न-प्रयोगशाळा सैनिकांच्या टिकाऊ शिध्यासाठी याच प्रश्नांशी झुंजत आली. तिथे फोटोला महत्त्व नाही. सियाचीनला वेष्टणाची पुढची बाजू बघायला वेळ कुणाला असतो?

कायदा करून प्रश्न सुटतील असं वाटत असेल तर अमेरिकेकडे बघा. तिथे काहींना तिळाची तीव्र ॲलर्जी. म्हणून 1 जानेवारी 2023पासून तीळ हा घोषित करायचा नववा मोठा ॲलर्जीकारक ठरला. कारखान्यात तीळ चुकूनही मिसळणार नाहीत याची खबरदारी घ्या, नाहीतर घटकांत लिहा. काही बेकरीवाल्यांनी काय केलं? साफसफाईचा खर्च नको म्हणून पावात मुद्दाम तिळाचं पीठ घालायला सुरुवात केली आणि प्रामाणिकपणे लिहून टाकलं. तीळ टाळण्यासाठी केलेल्या कायद्याने तीळ वाढले.

आपण उगाच स्वतःला एकटेच हुशार समजतो.

आता पुन्हा नंदाखालच्या रस्त्यावर या. तो पोरगा बार संपवत होता आणि त्याच्या मागे, हातभर अंतरावर, भाजीच्या पाटीशेजारी एका मावशींनी वाळक्या पानांत गुंडाळलेल्या पुड्या मांडल्या होत्या. त्याने त्या पाहिल्या नाहीत. मीही पाहिल्या नसत्या, पण वास आला. मध, धूर नाही, ऊन. उन्हाला वास असतो तसा.

सुकेळी.

परगावच्यांसाठी सांगतो. राजेळी केळं पूर्ण पिकवायचं, सोलायचं, मांडवावर उन्हात घालायचं. रोज उलटंपालटं करायचं, माश्यांपासून, कावळ्यांपासून, अवकाळी ढगांपासून राखायचं. कित्येक दिवसांनी ते आटून बोटभर जाडीचं, मधाच्या रंगाचं, चिवट होतं. मग केळीच्याच वाळक्या पानात बांधायचं. साखर घालायची नाही, पाक करायचा नाही. वेष्टणसुद्धा त्याच झाडाचं. आगाशी-नंदाखालचा पट्टा यासाठी इतका नावाजलेला की 1882च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरात गोऱ्या साहेबाने आगाशीच्या सुक्या केळ्यांची तारीफ करून ठेवलीय.

साहेबाला दिसलं. मॅरेथॉनवाल्याला दिसेना.

आता वरचा सगळा हिशेब आठवा. पळताना काय हवं? चटकन मिळणारी साखर, थोडकं वजन, खिशात न सांडणारं, चावायला मऊ. तेल नगण्य. वर पोटॅशियम. मॅक्सवेल लंडनला पडला त्यापेक्षा शंभर वर्षांपूर्वी त्याचं औषध आगाशीला वाळत पडलं होतं. आणि बार चिकटवायला जगभर खजूर वाटतात, तो अरबस्तानातून आणतात. सुकेळ्याचा लगदा तिळाला काय कमी चिकटला असता? पाकाचा घोळच मिटला असता.

थांबा, छाती फुगवू नका. सुकेळंही काही अमृत नाही. साखर ती साखरच. मधुमेही माणसाने ते 'नैसर्गिक' म्हणून डबाभर खाल्लं तर डॉक्टरांचं बिलही नैसर्गिकच येणार. पावसाळ्यात ते करता येत नाही, नीट राखलं नाही तर बुरशी धरते. काम कष्टाचं, भाव बेताचा. म्हणून करणाऱ्या मावश्यांचे केस पांढरे झालेत आणि त्यांच्या मुली बँकेत आहेत. त्यांना नावं कोण ठेवणार? मी तर मुळीच नाही. मीही कधी मांडव राखलेला नाही.

"मावशी, कशी दिलीत?" मी विचारलं. त्यांनी भाव सांगितला. पोरगा मध्येच म्हणाला, "एवढी महाग? केळीच तर आहेत."

हातात सिरपचं वेष्टण होतं त्याच्या.

मावशींनी त्याच्याकडे बघितलं, बुटांकडे बघितलं आणि एक सुकेळं मोडून अर्धं त्याला दिलं. "खा रं. पैसं नको. पलायला बळ येल." त्याने खाल्लं. म्हणाला, "ह्याच्यात सीड्स नाहीत?"

नाहीत ना राजा. केळ्याला बीच नसते.

आणि गोष्ट इथेच थोडी कडू होते. बी असलेल्याचं बरं असतं. तीळ, जवस, राजगिरा डब्यात भरून ठेवता येतात. एखाद्या वर्षी नाही पेरले तर पुढच्या वर्षी पेरता येतात. बियाणं बँकेत ठेवतात, बर्फाळ बेटावरच्या तळघरात ठेवतात. केळीचं तसं नाही. मुनवा काढायचा आणि लगेच शेजारी लावायचा. आईच्या बुंध्याशी लेक, लेकीच्या बुंध्याशी नात. डब्यात भरून ठेवायची सोय नाही. तिला जमीन लागते. चालू, ओली, वाडीतली जमीन.

याच नंदाखाल परिसरातले फादर फ्रान्सिस दिब्रिटो. 2020च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्राने त्यांना ओळखलं. वसईने त्याच्या कितीतरी आधी, हरित वसईच्या लढ्यात रस्त्यावर उतरलेला धर्मगुरू म्हणून. वाड्या राखा, पाणी राखा, एवढंच तर म्हणणं होतं. 2024मध्ये ते गेले. पाणी उपसून नेणारे टँकर अजून येतात.

विरारहून निघालं की दोन्ही बाजूंना टॉवर लागतात. नावं बघा: ग्रीन अमुक, गार्डन तमुक. जिथे जे तोडलं, त्याचं नाव इमारतीला द्यायची आपली पद्धत चांगली आहे. निदान आठवण राहते. त्यातल्या कुठल्या तरी सोळाव्या मजल्यावर आत्ता बेल वाजत असेल, दहा मिनिटांत पोचवणारा पोरगा धापा टाकत उभा असेल, आणि पिशवीत असेल एक बार.

'बनाना फ्लेवर.'